अंगावर पित्त उठले, कारण सापडेना! मुलांच्या ॲलर्जीचा शोध कुठे घ्यायचा आणि कुठे थांबवायचा?

रात्री पावणेबारा वाजता ताईचा व्हिडिओ कॉल आला. तिने कॅमेरा साडेचार वर्षांच्या भाच्याच्या पाठीवर फिरवला. पाठ, पोट, मांड्या, सगळीकडे लालसर, फुगीर चट्टे. काही रुपयाएवढे, काही एकमेकांत मिसळून नकाशासारखे झालेले. वरचा ओठ एका बाजूने सुजलेला. पोरगा रडत नव्हता. कराकरा खाजवत होता आणि ‘मावशी, बघ ना मला काय झालंय’ म्हणत होता.

पुढच्या दहा मिनिटांत घरातल्या प्रत्येकाने आपापले निदान जाहीर केले. ताईचा संशय संध्याकाळी खाल्लेल्या शेंगदाण्याच्या चिक्कीवर. तिच्या सासूबाईंच्या मते रात्रीचे दही नडले. भावजींना नवीन कपडे धुण्याची पावडर आठवली. मी इंजिनीअर, त्यामुळे ‘शेवटचा बदल काय झाला’ हाच माझा पहिला प्रश्न. तो बदल सापडलाही: सर्दी-तापासाठी चार दिवसांपासून सुरू असलेले अमॉक्सिसिलिन. आरोपी सापडला, असे मीही ठामपणे सांगून मोकळी झाले.

आम्ही सगळेच चुकलो होतो. ते कळायला तीन महिने लागले आणि त्या तीन महिन्यांत त्या पोराचे दूध, पोळी आणि शेंगदाणे बंद झाले, वजन सव्वा किलोने उतरले. मुलाच्या अंगावर अचानक पित्त उठते तेव्हा घरोघरी साधारण असेच घडते. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

पित्त उठते म्हणजे नेमके काय होते?

मराठीत या त्रासाला ‘पित्त उठणे’ किंवा ‘गांध्या उठणे’ म्हणतात, आयुर्वेदात शीतपित्त, तर डॉक्टरांच्या कागदावर ‘अर्टिकेरिया’ असे लिहिलेले असते. आपल्या शब्दाने एक घोळ घातला आहे. पोटातल्या आम्लपित्ताला आपण पित्तच म्हणतो आणि अंगावर उठते तेही पित्तच. त्यामुळे अंगावर चट्टे आले की ॲसिडिटीची गोळी घेणारे लोक आजही भेटतात. या दोन्हींचा तसा काही संबंध नाही.

त्वचेत ‘मास्ट पेशी’ नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामाइन नावाचे रसायन लहान लहान कणांत साठवलेले असते. पेशी चेतवल्या गेल्या की हे रसायन बाहेर पडते, आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि त्वचा फुगते. ती झाली गांधी. हाच प्रकार त्वचेच्या खोल थरात झाला की ओठ किंवा पापण्या सुजतात.

पित्ताच्या गांधीची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकच गांधी एका जागी सहसा 24 तासांपेक्षा जास्त टिकत नाही. सकाळी पाठीवर असलेली दुपारी गायब होते आणि तोवर नवीन पायावर उठलेली असते. बोटाने दाबली तर फिकी पडते. गेल्यावर मागे डाग राहत नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत अंग स्वच्छ झालेले असते आणि आईवडील ओशाळतात, ते यामुळेच. चट्टे दिसताच फोटो काढून ठेवावा, तो डॉक्टरांना खरोखर उपयोगी पडतो.

हा त्रास दुर्मीळ मुळीच नाही. जगभरातल्या अंदाजांनुसार दर पाचांपैकी जवळपास एकाला आयुष्यात कधी ना कधी पित्त उठतेच.

रात्री पहिल्यांदा काय बघायचे?

कारणांची चर्चा नंतर. नुसत्या गांध्या आणि खाज असेल, मूल बोलत असेल, खेळत असेल, तर ती घाबरण्याची वेळ नसते. पण त्याच्या जोडीला पुढीलपैकी काहीही दिसले तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठायचे: श्वास घ्यायला त्रास, छातीत घरघर, आवाज अचानक घोगरा होणे, जीभ किंवा घसा सुजणे, सारखा खोकला, लागोपाठ उलट्या, चक्कर, अंग ढिले पडणे, मूल एकदम मलूल किंवा पांढरेफटक होणे. ही ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे सर्व शरीराला वेढणाऱ्या तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. अशा वेळी अंगावर चट्टे असतातच असेही नाही. ठरावीक पदार्थ, औषध किंवा मधमाशी-गांधीलमाशीच्या दंशानंतर काही मिनिटांत ही लक्षणे आली तर त्वचा स्वच्छ असली तरी धोका तोच.

यावर पहिले औषध एकच: ॲड्रेनालिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप हा त्याला पर्याय नाही, आणि ‘आधी सिरप देऊन अर्धा तास वाट बघू’ हाच उशीर जिवावर बेततो. परदेशात अशी मुले पेनासारखे तयार इंजेक्शन दप्तरात बाळगतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, ॲम्प्यूल मात्र स्वस्त असून जवळपास प्रत्येक रुग्णालयात असते. राज्यात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती येईपर्यंत मुलाला आडवे झोपवून पाय थोडे वर करावेत. श्वासाला त्रास होत असेल तर बसते ठेवावे, पण उठवून चालवत नेऊ नये. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवतात, कारण लक्षणे पुन्हा उलटू शकतात. डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले तर थांबावे.

भाच्याला यापैकी काही नव्हते. ओठ सुजलेला होता, पण जीभ ठीक, आवाज ठीक. तरीही ताई-भावजी त्याला घेऊन गेले आणि योग्यच केले. पहिल्यांदा ओठ सुजल्यावर फोनवर निदान करण्यात शहाणपण नाही.

मग कारण काय? चिक्की, दही की औषध?

इथे बहुतेक घरे गडबडतात, कारण उत्तर कंटाळवाणे आहे. लहान मुलांत अचानक उठणाऱ्या पित्ताचे सर्वांत नेहमीचे सापडणारे कारण म्हणजे साधा विषाणुसंसर्ग. सर्दी, ताप, घसा, जुलाब. विषाणूशी लढताना शरीराची संरक्षण यंत्रणा खवळलेली असते आणि त्या धामधुमीत मास्ट पेशी उगाच फुटतात. ताप उतरल्यावरही काही दिवस हे सुरू राहू शकते. आणि कितीतरी मुलांमध्ये कोणतेच कारण कधीच सापडत नाही. पित्त येते, काही दिवस राहते आणि निघून जाते.

अन्नाची ॲलर्जी वेगळी ओळखू येते. ती बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. काल रात्री खाल्लेल्या अंड्यामुळे आज संध्याकाळी पित्त उठले, हा हिशेब सहसा जुळत नाही. दुसरे म्हणजे, खरी ॲलर्जी असेल तर तो पदार्थ पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा त्रास होतो. ज्या मुलाने शेंगदाण्याची चिक्की शंभर वेळा पचवली आणि त्यानंतरही खाल्ली, त्याच्या बाबतीत चिक्कीवरचा आरोप टिकत नाही. तिसरे, अन्नामुळे आलेले पित्त बहुतेकदा काही तासांत ओसरते. रोज नवीन गांध्या, सलग पाच दिवस, असे चित्र असेल तर ते संसर्गाकडे बोट दाखवते. भाच्याचे तेच होते.

लहान मुलांत संशयित पदार्थ मोजकेच असतात: दूध, अंडे, शेंगदाणा, काजू-अक्रोडसारखा सुकामेवा, गहू, सोया, मासे, कोळंबी-खेकडे, तीळ. पाकीटबंद पदार्थांवर यांतील बहुतेक घटकांचा उल्लेख ठळक करणे ‘एफएसएसएआय’च्या 2020 च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. ‘कंटेन्स’ ही ओळ वाचायची सवय लावून घ्यावी.

कोकणात आणि मुंबईत एक खास प्रकार दिसतो. बांगडा खाल्ला, तासाभरात तोंड लालबुंद, अंगावर चट्टे, डोके दुखते. घरच्यांना वाटते माशाची ॲलर्जी झाली. बांगडा, कुपा, सुरमई हे एकाच कुळातले मासे. पकडल्यानंतर ते बर्फात नीट ठेवले नाहीत तर जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामाइन तयार करतात आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. म्हणजे ही ॲलर्जी नाही, बाहेरून आलेल्या हिस्टामाइनची विषबाधा आहे. ताटावर बसलेल्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला तर हे आधी आठवावे. ताजा बांगडा त्याच मुलाला पुढच्या वेळी काहीही करत नाही. अर्थात, हे ठरवायचे डॉक्टरांशी बोलून, घरी प्रयोग करून नाही.

याशिवाय थंडी, घाम, घट्ट इलॅस्टिक, नुसते खाजवणे यांनीही काही मुलांच्या अंगावर गांध्या उठतात. थंड पाण्यात पोहल्यावर सर्वांगावर पित्त येणाऱ्या मुलाची गोष्ट गंभीर असते, त्याने डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

‘सगळ्या ॲलर्जी एकाच रक्तात’

पित्त पाचव्या दिवशी गेले. पण कारण हवे होते. ओळखीच्या कुणीतरी एका लॅबच्या पॅकेजची जाहिरात पाठवली. घरी येऊन रक्त नेतील, अनेक पदार्थांची यादी तपासतील, काही हजार रुपये. अहवाल रंगीत होता. दूध, गहू, शेंगदाणा आणि मूग यांच्यापुढे लाल पट्टी. ताईने त्याच दिवशी चारही पदार्थ बंद केले. वरणभातावर किती दिवस काढणार?

हा अहवाल खोटा नव्हता, त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. अशा तपासणीत रक्तातील ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे मोजतात. त्यांचा शोध 1960 च्या दशकात अमेरिकेत इशिझाका दाम्पत्याने आणि स्वीडनमध्ये जोहान्सन-बेनिच यांनी स्वतंत्रपणे लावला आणि ॲलर्जीच्या अभ्यासाला पाया मिळाला. पण एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई रक्तात असणे म्हणजे शरीराने त्याची नोंद घेतली आहे, एवढेच. नोंद असूनही तो पदार्थ आनंदाने खाणारी मुले पुष्कळ असतात. म्हणून संशयाशिवाय मोठ्या यादीची तपासणी केली की खोटे ‘पॉझिटिव्ह’ हमखास निघतात. आमच्या भाषेत सांगायचे तर हजार सेन्सर लावले की चार कुठेतरी विनाकारण वाजतातच. ॲलर्जीतज्ज्ञ आधी सविस्तर विचारपूस करतात आणि मग ज्याच्यावर संशय आहे तेवढेच तपासतात.

‘आयजीजी’ मोजून ‘फूड इनटॉलरन्स’ सांगणाऱ्या तपासण्यांची तर गोष्टच वेगळी. आयजीजी हे अन्न खाल्ल्याची सर्वसाधारण खूण असते. अमेरिका आणि युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ॲलर्जीच्या निदानासाठी ही तपासणी करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. त्यावर पैसे घालू नयेत, हे माझे मत.

त्वचेवर टोचून करायची ‘प्रिक टेस्ट’ त्याच तत्त्वावर चालते. तिच्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीचे औषध बंद ठेवावे लागते, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्यावे. खरी शहानिशा होते ती ‘फूड चॅलेंज’मध्ये: रुग्णालयात, डॉक्टरांसमोर, थोड्या थोड्या प्रमाणात पदार्थ खायला घालून.

पदार्थ विनाकारण बंद करण्याचे नुकसान फक्त वजनाचे नसते. जे मूल एखादा पदार्थ रोज पचवत होते, त्याला तो दीर्घकाळ दिलाच नाही तर शरीराची सवय मोडू शकते आणि पुढे कधीतरी खाल्ल्यावर खरोखरची ॲलर्जी उद्भवू शकते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गाजलेल्या ‘लीप’ अभ्यासाने 2015 मध्ये हीच गोष्ट उलट्या बाजूने दाखवली. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या 640 बाळांपैकी ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची ॲलर्जी 81 टक्क्यांनी कमी आढळली. म्हणून बंद केलेले पदार्थ परत सुरू करतानाही डॉक्टरांना विचारूनच करावे.

अँटिबायोटिकचा शिक्का

माझा आरोपी अमॉक्सिसिलिन. तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावर चट्टे आले आणि त्या वेळी मूल अँटिबायोटिकवर असेल, तर दोष औषधाला जातो. फाइलवर लाल अक्षरात ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ लिहिले जाते आणि ते जन्मभर राहते. पण मुळात ज्या संसर्गासाठी औषध दिले, त्याच संसर्गाने चट्टे आणले असण्याची शक्यता मोठी असते.

कॅनडातील मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनची ॲलर्जी असल्याचा संशय असलेल्या 818 मुलांना रुग्णालयात तेच औषध पुन्हा देऊन पाहिले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 94 टक्के मुलांना काहीही झाले नाही. अमेरिकेतही सुमारे दहा टक्के लोक आपल्याला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे सांगतात, प्रत्यक्षात ती एक टक्क्याहूनही कमी लोकांना असते.

शिक्का चुकीचा असला तर बिघडले कुठे? बिघडते. पुढच्या न्यूमोनियाला, कानाच्या पुवाला साधे, स्वस्त, नेमके औषध सोडून जास्त व्यापक आणि महागडे अँटिबायोटिक द्यावे लागते. त्याचे दुष्परिणाम जास्त आणि जिवाणूंना औषधांची सवय लागण्याचा प्रश्न वेगळाच. मात्र ‘94 टक्के’ वाचून घरी औषध देऊन पाहू नये. उरलेल्या सहांत आपले मूल आहे की नाही, हे घरी कळत नाही. शिवाय चट्ट्यांबरोबर ताप, तोंडात फोड, त्वचा सोलणे किंवा सांधे सुजणे असे काही झाले असेल तर ते औषध पुन्हा द्यायचेच नसते.

घरी काय द्यायचे, काय लावायचे?

आमच्या आजीकडे यावर एकच इलाज होता: आमसुलाचा कोळ अंगाला चोपडायचा. थंड लागतो, खाज घटकाभर थांबते. त्वचा फुटलेली नसेल तर त्याने नुकसान होत नाही, पण आतली प्रक्रिया त्याने थांबत नाही. गार पाण्याचा ओला कपडा, सैल सुती कपडे, गरम पाण्याची अंघोळ टाळणे यांनीही तेवढाच आराम पडतो. थंडीने पित्त उठत असेल तर मात्र गार पाणी नको.

औषध म्हणजे अँटिहिस्टामाइन. या औषधांच्या शोधासाठी डॅनियल बोव्हे यांना 1957 मध्ये नोबेल मिळाले. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन ही नव्या पिढीची औषधे कमी झोप आणतात आणि मुलांसाठी तीच आधी निवडली जातात. जुन्या पिढीतली औषधे मूल गुंगवतात. त्यांपैकी प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. मोठ्या भावाचे उरलेले सिरप अंदाजाने देणे तर नकोच. मात्रा वय आणि वजनावर ठरते आणि ती मोजायला बाटलीबरोबर आलेले माप वापरावे, स्वयंपाकघरातला चमचा नाही.

मेडिकलमधून ‘खाजेचे मलम’ आणून लावण्याची सवय वाईट. त्यांतल्या अनेक मलमांत स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असतात. पित्ताला त्यांचा उपयोग नाही आणि मुलांची नाजूक त्वचा पातळ होते ती वेगळीच.

प्रत्येक पुरळ पित्त नसते

पायांवर, दंडांवर कडक, खाजरे पुटकुळे आहेत आणि ते आठवडाभर जात नाहीत? डास, पिसू, ढेकूण यांच्या चाव्यांची ती प्रतिक्रिया असू शकते. पावसाळ्यात लहान मुलांत फार दिसते आणि त्यासाठी दूध बंद करण्याची गरज नसते, मच्छरदाणी लावण्याची असते. मे महिन्यात तोंडाभोवती आलेले चट्टे आंब्याच्या चिकाचे असू शकतात. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा तर अजूनही काही घरांत औषध म्हणून लावला जातो आणि त्याने अक्षरशः भाजल्यासारखे फोड येतात. मुलांना तो लावूच नये.

एक साधी चाचणी मात्र पाठ असावी. काचेचा पारदर्शक पेला चट्ट्यावर दाबायचा. लाली फिकी पडली तर ठीक. लाल-जांभळे ठिपके दाबूनही तसेच राहिले तर ते त्वचेखालचे रक्त असते. सोबत ताप असेल तर थेट रुग्णालय.

सहा आठवडे उलटले तर?

पित्त सहा आठवड्यांहून जास्त काळ, जवळपास रोज येत राहिले तर त्याला जुनाट म्हणतात. त्यातही अन्न हे कारण क्वचितच असते. अनेकदा शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडे मास्ट पेशींना चेतवत असतात. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांकडून त्वचारोग किंवा ॲलर्जीतज्ज्ञांकडे जावे. जाताना फोटो न्यावेत आणि एक वही: किती वाजता उठले, आधीच्या दोन तासांत काय खाल्ले, कोणते औषध सुरू होते, सर्दी-ताप होता का, मूल कुठे खेळत होते. आणि पित्त उठले नाही त्या दिवशी काय खाल्ले, हेही. ही शेवटची नोंद कुणी ठेवत नाही आणि निम्मे आरोपी तिथेच निर्दोष सुटतात.

ताईने अशी वही तीन महिन्यांनी एका बाल ॲलर्जीतज्ज्ञांपुढे ठेवली. त्यांनी रंगीत अहवाल बाजूला सारला आणि पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. चिक्की खाल्ली तेव्हा घड्याळात किती वाजले होते? सहा. चट्टे कधी? अकरानंतर. दूध त्या आधी रोज पीत होता? हो. पित्त असलेल्या पाच दिवसांतही? हो. त्यांच्या देखरेखीखाली पदार्थ एकेक करून परत आले. नंतर एका सकाळी रुग्णालयात अमॉक्सिसिलिनची मात्रा देऊन भाच्याला काही तास बसवून ठेवले. काही झाले नाही. फाइलवरचा लाल शेरा डॉक्टरांनी खोडून खाली सही आणि तारीख टाकली.

गेल्या जुलैत सर्दीबरोबर पुन्हा चट्टे उठले. ताईने फोटो काढला, श्वास आणि ओठ पाहिले, सांगितलेली मात्रा दिली आणि सकाळी मला तो फोटो पाठवला. सोबत मजकूर होता: ‘पित्त. दूध प्यायला. शाळेत गेलाय.’